अ‍ॅक्टिव्हेशन उडालं की माणूस लगेच चोर?

रात्रपाळी:
परवा इथे एका साहेबांनी फर्मान काढलं की विंडोज अकरावर गेल्यावर ज्यांच्या स्क्रीनच्या कोपऱ्यात 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' उगवलंय, म्हणजे विंडोजचं लायसन खरं असल्याची पडताळणी झालेली नाही, ते सगळे इतकी वर्षं चोरीचा माल वापरत होते, आता बोंबलू नका. खाली टाळ्याच टाळ्या. तिथेच उत्तर लिहायला बसलो तर ते मारुतीच्या शेपटासारखं वाढत गेलं, म्हटलं वेगळा धागाच काढावा.

माझा लॅपटॉप २०१९ चा. दुकानातून रोख पैसे मोजून, बिलासकट. बिलावर छापलंय, विंडोज १० होम सिंगल लँग्वेज, म्हणजे घरगुती, एकाच भाषेची आवृत्ती. ते बिल मी लॅमिनेट करून ठेवलंय, बायको अजून हसते. १४ ऑक्टोबर २०२५ ला दहाचा सपोर्ट संपला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, तर मी चकल्या सोडून अपग्रेडला बसलो. आठव्या जनरेशनचा प्रोसेसर, टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप, सगळीकडे हिरव्या टिका. अडीच तासांनी अकरा आलं आणि अर्ध्या तासाने कोपऱ्यात ती अक्षरं. दहाचं लायसन असलं की अकरा फुकट असं छातीठोकपणे सांगतात ना सगळे? मग मी चोरलं काय नेमकं?

आणि ८ नोव्हेंबर २०१८ विसरलात? त्या दिवशी मायक्रोसॉफ्टच्या अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हरनेच माती खाल्ली आणि पैसे मोजून प्रो ही वरची आवृत्ती घेतलेल्यांना मशीन सांगायला लागलं की तुमचं लायसन होमचं आहे. नंतर निस्तरलं त्यांनी, पण तेवढा वेळ ते लोकही चोरच का?

खडूसराव:
ते साहेब म्हणजे मी. नाव घ्यायला लाजलात का?

गेली बावीस वर्षं हेच काम करतोय. विंडोज एक्सपीपासून, म्हणजे २००१ पासून, हे अ‍ॅक्टिव्हेशनचं झेंगट आहे आणि तेव्हापासून एकही गिऱ्हाईक असं भेटलं नाही ज्याने कबूल केलं की हो, माझं क्रॅक आहे. सगळ्यांकडे 'ओरिजिनल'च असतं. दहातले नऊ लॅपटॉप उघडले की आत विंडोजला फसवणारा केएमएसचा अ‍ॅक्टिव्हेटर लपून बसलेला. तुमचं एकच मशीन, त्यावरून सगळ्यांची वकिली नका करू. सर्व्हर एक दिवस झोपला म्हणून बाकीचे साव ठरत नाहीत.

तिखटजाळ:
दहातले नऊ हा आकडा कुठून आणलात काका? स्वतःच्या दुकानातल्या गिऱ्हाइकांची जनगणना?

सुपारी:
पण मुळात होतं काय अ‍ॅक्टिव्हेट नसलं तर? सेटिंग्जमधून वॉलपेपर, रंग बदलता येत नाहीत. बास. अपडेट येतात, एक्सेल चालतं, टॅली चालतं. माझं दोन वर्षं तसंच आहे आणि त्या अक्षरांवर मी एक चिकटनोट लावलीय, किराणा यादीची. लोक कशाकशावर रक्त आटवतात.

रात्रपाळी:
@सुपारी, प्रश्न वॉलपेपरचा नाहीये हो. पैसे भरून चोराच्या रांगेत उभं केलं जातंय याचा आहे. तुम्हाला आठवत असेल एक्सपीत यायचं, तुम्ही सॉफ्टवेअर चोरीचे बळी असू शकता म्हणून. निदान 'बळी' तरी म्हणायचे. आता थेट गुन्हेगार.

कीबोर्डची धूळ:
भांडण थांबवा आणि एक काम करा. कमांड प्रॉम्प्ट उघडा, एसएलएमजीआर, स्पेस, स्लॅश, डीएलआय. जी खिडकी येईल त्यात चॅनल, म्हणजे लायसन कुठल्या प्रकारचं, काय लिहिलंय ते इथे टाका. एररचा नंबरही द्या. सी००४एफ२११ असेल तर त्याचा अर्थ हार्डवेअर बदललंय, ८०३एफ७००१ असेल तर लायसनच सापडत नाहीये. मदरबोर्ड बदलला होता का कधी? कारण डिजिटल लायसन हे मदरबोर्डला बांधलेलं असतं, तुम्हाला नाही, तुमच्या बिलाला तर अजिबात नाही. बिल लॅमिनेट करून उपयोग शून्य.

रात्रपाळी:
बोर्ड नाही बदलला. २०२२ मध्ये एसएसडी, म्हणजे नवी वेगवान डिस्क, टाकून घेतली होती, दुकानदाराने फॉरमॅट मारून दिला. रात्री बघून सांगतो.

पेठेतली कंपोझिटर:
लोक अकरावर जातात तरी कसे हाच मला प्रश्न पडतो. मी लग्नपत्रिकांचं काम करते, विंडोज सातवर, ३२ बिट, नेट काढून टाकलेलं मशीन. कारण माझ्या मराठी फाँटच्या सॉफ्टवेअरला मशीनच्या मागे लॉक, म्हणजे लायसनचं प्लास्टिकचं डाँगल, लावावं लागतं, त्या लॉकचा ड्रायव्हर ३२ बिटचा, आणि अकरा ३२ बिटमध्ये येतच नाही. ६४ बिटवर तो ड्रायव्हर चढत नाही म्हणजे नाही. कंपनीला फोन केला तर म्हणे नवीन व्हर्जन घ्या, नवीन लॉक घ्या, जुनं परत करा. तेवढ्या पैशात माझ्या छपाईच्या प्लेटा निघतात. तुमच्या विंडोजचं लायसन निदान हवेत असतं, माझं सव्वा इंचाचं प्लास्टिक आहे, हरवलं तर धंदा बंद. दर शनिवारी मी त्याला हळदकुंकू वाहते, गंमत नाही सांगत.

बारा गावचं पाणी:
ताई, २०२५ मध्ये युनिकोड, म्हणजे सगळ्या मशीनवर सारखी चालणारी अक्षरपद्धत, नसलेले फाँट? कमाल आहे. त्या फाँटमध्ये टाइप केलेलं दुसऱ्या मशीनवर उघडलं की नुसतं इंग्रजी अक्षरांचं भजं दिसतं, शोधता येत नाही, कॉपी करता येत नाही. पानं लावायच्या इनडिझाइनमध्ये वर्ल्ड रेडी कंपोझर कधीपासून आहे, जोडाक्षरं नीट येतात. मराठीचं नुकसान अशाच लोकांनी केलंय.

पेठेतली कंपोझिटर:
'अशाच लोकांनी'. बरं. ऐका मग.

गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर पाठवतं, युनिकोडमध्येच, तुमच्या लाडक्या. तो मी कन्व्हर्टरमधून माझ्या फाँटात आणते. गेल्या मे महिन्यात कऱ्हाडची पार्टी. आता हा 'ऱ्ह' एक जण मोबाईलवर टिंबवाल्या ऱ ला हलंत देऊन लिहितो, दुसरा साध्या र ला हलंत देऊन मध्ये एक न दिसणारं अक्षर घुसवतो, झेडडब्ल्यूजे का काय ते. डोळ्यांना दोन्ही अगदी एक. कन्व्हर्टरला दोन वेगळे. मुलाकडचा मजकूर एका पद्धतीचा, मुलीकडचा दुसऱ्या, त्यामुळे वरचं कऱ्हाड बरोबर आणि खालच्या कऱ्हाडात ह वर रफार. प्रूफ मुलाच्या मामाने पास केलं, चष्मा न लावता. तीनशे पत्रिका परत छापल्या, कागद माझा. आता सांगा नुकसान कोणी केलं, माझ्या फाँटने की तुमच्या युनिकोडने?

बारा गावचं पाणी:
म्हणजे चूक कन्व्हर्टरची. मुळात युनिकोडमध्येच पत्रिका लावली असती तर कन्व्हर्ट करावंच लागलं नसतं.

पेठेतली कंपोझिटर:
आणि बॉर्डरवाली, कलशवाली, गणपतीच्या सोंडेतून 'श्री' निघणारी अक्षरं युनिकोडात आणून द्या मला. मी वाट बघते. गिऱ्हाइकाला मराठीचं भवितव्य नको असतं दादा, काकांच्या पत्रिकेसारखाच फाँट हवा असतो, १९९८ सालच्या.

तिखटजाळ:
लोल. सोंडेतला श्री युनिकोड समितीकडे पाठवा.

पेंग्विनप्रेमी:
सगळ्यांनी लिनक्स टाका, ना लायसनची की ना लॉक. आठ वर्षं झाली मला, एक रुपया दिला नाही.

खडूसराव:
आलेच. तुमचा प्रिंटर लागला का शेवटी? मागच्या धाग्यात स्कॅनर चालत नाही म्हणून रडत होतात.

पेंग्विनप्रेमी:
प्रिंटर चालतो. स्कॅनरचं बघतोय. विषय तो नाहीये.

श्वार्त्सवाल्डचा कावळा:
इकडे युरोपात बरेच जण दहावरच बसलेत, कारण ऑक्टोबर २०२६ पर्यंतचे सिक्युरिटी अपडेट इथे फुकट दिलेत, फक्त मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटने लॉगिन करायचं. बाकी जगाला सेटिंग्जचा बॅकअप त्यांच्याकडे ठेवा, नाहीतर मायक्रोसॉफ्ट रिवॉर्डचे हजार पॉइंट द्या, नाहीतर ३० डॉलर. रात्रपाळी, तुम्ही घाई केलीत. चकल्या तरी झाल्या असत्या.

रात्रपाळी:
बघितलं. चॅनलसमोर लिहिलंय 'वॉल्यूम केएमएस क्लायंट'. आणि वर 'प्रोफेशनल'. पण माझ्या बिलावर तर होम सिंगल लँग्वेज आहे. हे काय आहे?

खडूसराव:
(उत्तर लिहायच्या आधी एक कप चहा प्यायलो, आनंदाने.)

केएमएस असतं ऑफिसांसाठी. कंपनीचा स्वतःचा सर्व्हर असतो, मशीनं त्याला विचारून १८० दिवसांचं अ‍ॅक्टिव्हेशन घेतात आणि मधूनमधून आपोआप वाढवतात. तुमच्या घरी असा सर्व्हर नाही असं गृहीत धरतो. मग तुमचं मशीन कोणाला विचारत होतं? आतच बसवलेल्या खोट्या सर्व्हरला. अपग्रेडच्या गडबडीत विंडोजच्या डिफेंडर अँटिव्हायरसने तो उचलून फेकला असणार. म्हणजे रावसाहेब, २०२२ पासून आपण क्रॅक वापरत होता. मी काय म्हणालो होतो?

तिखटजाळ:
अरेरे. धागाकर्त्याचीच विकेट.

रात्रपाळी:
थांबा. मला माहीत नव्हतं. मी त्याला एसएसडी टाक एवढंच सांगितलं होतं, प्रो टाक असं कोणी सांगितलं? दीड हजार घेतले त्याने, वर 'ओरिजिनल टाकलंय साहेब' असंही म्हणाला.

कीबोर्डची धूळ:
हे घरोघरी झालंय हो. २०१२-१३ पासून, म्हणजे विंडोज आठपासून, लॅपटॉपसोबत विंडोज घेतलं की त्याची की, म्हणजे लायसनचा नंबर, मदरबोर्डवरच्या बायोसमध्येच बसवलेली असते, खाली स्टिकर शोधायची गरज नाही. पण दुकानातल्या पोराकडे एकच पेनड्राइव्ह असतो, त्यात आधीच क्रॅक करून ठेवलेलं प्रो, आणि तो प्रत्येक मशीनला तेच पाजतो. पाच मिनिटं वाचतात त्याची. गिऱ्हाइकाने मोजलेलं खरं लायसन खाली बोर्डात झोपलेलं आणि वर क्रॅक नाचतोय. मी तर एक केस बघितली, भंगारातल्या दुसऱ्या लॅपटॉपचा बोर्ड टाकलेला, आणि विंडोज खुशाल अ‍ॅक्टिव्हेट, कारण त्या बोर्डात कुठल्या तरी मेलेल्या लॅपटॉपची की होती.

आता उपाय. प्रोवरून सिंगल लँग्वेजवर सरळ उतरता येत नाही. डेटा काढून घ्या, अकराचा अधिकृत यूएसबी बनवा, त्यावरून बूट करून स्वच्छ इन्स्टॉल मारा. तो एडिशन विचारणारच नाही, बायोसमधली की वाचून गपचूप सिंगल लँग्वेज टाकेल. नेट जोडलं की अ‍ॅक्टिव्हेट. आणि मग अकाउंटने लॉगिन करून ठेवा म्हणजे उद्या हार्डवेअर बदललं तर ट्रबलशूटरमधून मागता तरी येईल.

खडूसराव:
पद्धत बरोबर आहे. आणि आधी माणसाला माफी मागायला लावा.

पेठेतली कंपोझिटर:
कोणाला? त्या दुकानदाराला मागायला लावा की. खडूसकाका, तुम्हीही बावीस वर्षं फॉरमॅट मारताय. तुमच्या पेनड्राइव्हमध्ये काय असायचं हो सुरुवातीला? नुसतं विचारतेय.

खडूसराव:
तेव्हाची गोष्ट वेगळी होती.

तिखटजाळ:
कशी वेगळी काका?

सुपारी:
काका ऑफलाइन गेले वाटतं.

खडूसराव:
ऑफलाइन नाही, गिऱ्हाईक होतं. २००४-०५ ला एक्सपीची ओरिजिनल सीडी माझ्या अर्ध्या पगाराची होती, तेव्हा सगळे एकच वॉल्यूमची, म्हणजे कंपन्यांना दिलेली, की वापरायचे आणि मीही वापरली, झालं समाधान? पण मी लोकांना 'ओरिजिनल आहे' असं कधी सांगितलं नाही. एवढा फरक आहे. आणि रात्रपाळी, 'सगळे चोर' हे जरा जास्त झालं होतं. त्यातल्या काहींना चोर त्यांच्या दुकानदाराने केलं, असं वाचा.

रात्रपाळी:
उपकार झाले.

पेंग्विनप्रेमी:
स्कॅनर चालला.

बारा गावचं पाणी:
ताई, त्या ऱ्ह चं: मजकूर कन्व्हर्ट करायच्या आधी नोटपॅडमध्ये फाइंड-रिप्लेस करून दोन्ही प्रकार एकसारखे करून घ्या, मग रफार चढणार नाही. युनिकोडबद्दलचं माझं मत तेच आहे.

पेठेतली कंपोझिटर:
करून बघते. फाँटबद्दलचं माझंही तेच आहे.

रात्रपाळी:
रविवारी दुपारी स्वच्छ इन्स्टॉल मारलं. एडिशन विचारलं नाही, की विचारली नाही. नेट जोडलं, सेटिंग्जमध्ये गेलो तर 'विंडोज ११ होम सिंगल लँग्वेज, डिजिटल लायसनने अ‍ॅक्टिव्हेटेड'. म्हणजे मी पैसे भरलेली वस्तू तीन वर्षं माझ्याच मांडीवर होती. बायकोला दाखवलं तर ती म्हणे मग आता ते बिल फेकू का. नको म्हटलं. उद्या ते घेऊन त्या दुकानात जातोय.