सागवानी झोपाळ्याच्या फळीवर घासल्यावर उमटलेल्या रेषा

खाडीकाठ, कोपरी, ठाणे:
आजीच्या झोपाळ्याची सागवानी फळी आहे. जुनं पॉलिश खरवडून ऑइलबेस पॉलीयुरेथेन वार्निशचे तीन हात ब्रशने मारले. हात फिरवला की धुळीचे कण टोचायचे, म्हणून ४०० नंबरचा वॉटर पेपर (पाण्यात चालणारा बारीक घासकागद) पाणी लावून फिरवला. कण गेले, पण मधोमध नकाशातल्या डोंगरांसारख्या वेड्यावाकड्या रेषा उमटल्यात. तिरक्या उजेडात स्पष्ट दिसतात. आणखी घासलं की सरकतात, जात मात्र नाहीत. कडेला पेपर लगेच भरतो, चिकट गुठळ्या बसतात. रबिंग कंपाउंडने (घासून चकाकी आणायच्या पेस्टने) रेषा जातील का? आजी दुपारभर याच फळीवर बसायची, मला ती नीट करायचीच आहे.

रंधा, ऐरोली:
कंपाउंडने जाणार नाहीत. लाखेचं पॉलिश असतं तर नवा हात जुन्यात विरघळून एकजीव झाला असता. पॉलीयुरेथेनचा प्रत्येक हात वेगळा थर म्हणून राहतो. घासताना वरचा थर मधेच संपला आणि खालचा उघडा पडला, त्याची कड म्हणजे तुमची रेष. म्हणून तर सरकते! सगळ्या फळीवर अजून एक हात द्या, शक्यतो दोन, म्हणजे घासायला जाडी मिळेल.

पण आधी कडा. पेपर भरतोय म्हणजे वार्निश आतून कच्चं आहे. कडेला ब्रशमधून माल जास्त उतरतो, जाड थर उशिरा वाळतो. त्यात पावसाळी हवा. डब्यावरच्या तासांवर आत्ता विसंबू नका. नख दाबून बघा, वळ उमटला तर थांबा. खोलीत पंखा चालू ठेवा, वाळायला हवा खेळती लागते.

सानपाडा_सुतारकाम:
पेपर बोटांनी धरला होता का? बोटांखाली दाब जास्त पडतो, तिथेच थर कापला जातो. सपाट ठोकळ्याला कॉर्क चिकटवून त्यावर पेपर गुंडाळा. वार्निशच्या दोन हातांच्या मधे ३२० चा पेपर कोरडा, नुसती चकाकी मरेपर्यंत. शेवटचा हात पुरता कडक झाला की मग ६०० आणि १००० पाण्यात, दोन थेंब साबण टाकून. कंपाउंड त्यानंतर. शेवटच्या हाताआधी फरशी ओल्या फडक्याने पुसा, बरेच कण तिथूनच येतात.

खाडीकाठ:
हो दादा, बोटांनीच धरला होता. नख दाबून पाहिलं, कडेला वळ उमटतोय, मधे नाही. मग कडा वाळेपर्यंत थांबते. नवा हात देताना कडेचा जाडसर भाग आधी ठोकळ्याने उतरवू की तसाच ठेवू?

रंधा:
उतरवा. कडक झाला की ३२० ने, लाकडाच्या मूळ रेघांच्या दिशेनेच.