साठीच्या आसपास छापून आलेलं पहिलं पुस्तक: तुमचंही सांगा

शहापूरच्या बाई

काल माळा आवरताना सुतानं बांधलेला एक गठ्ठा हाताला लागला. माझ्या पुस्तकाची पहिली प्रुफं. सहा वर्षं झाली, लाल पेनाच्या खुणा अजून तशाच आहेत. आवरणं राहिलं बाजूला, शिडीशेजारी बसून सगळी वाचली.

मी प्राथमिक शाळेतून 60 व्या वर्षी निवृत्त झाले, पुस्तक आलं 64 व्या वर्षी. लहानपणी इथं बेळगावात आमच्या गल्लीत घरोघरी हातमाग होते. आई सुताच्या कांड्या भरायची, शाळेतून आलो की आम्ही भावंडं रहाटावर. सकाळी रस्त्यात पांजणी, म्हणजे खळ लावायला लांबलचक ताणलेलं सूत, लागली की सायकलवाल्यालाही उतरून कडेनं जावं लागे. हे कुणीतरी लिहायला हवं असं मी चाळीस वर्षं म्हणत होते. कुणी लिहिलं नाही, म्हणून बसले.

हस्तलिखित बाजारातल्या एका डीटीपीवाल्याकडे दिलं. मुलगा कानडी, गुणी. पहिल्या प्रुफात जिथं जिथं 'धोटा' (मागावर आडवं सूत इकडून तिकडे नेतो तो) होता तिथं 'धोका' झालेला. 'पहाटे चारला धोका फिरायला लागला की घर जागं व्हायचं.' 23 ठिकाणी. मी सगळीकडे खुणा केल्या, दुसऱ्या प्रुफात परत 'धोका'. त्याला वाटलं आज्जींचीच चूक आहे, त्यानं प्रेमानं सुधारली होती. मग मी घरातला धोटाच पिशवीत घालून नेला. वडिलांच्या हातानं गुळगुळीत झालेला, टोकाला लोखंड. त्याच्या कीबोर्डशेजारी ठेवला. "अय्यो, लाळी!" म्हणाला. त्याची आजी बनहट्टीची, तिच्या घरी माग होता. तो धोटा बराच वेळ हातात फिरवत राहिला. मग 23 च्या 23 जागा माझ्यासमोर दुरुस्त केल्या. पुढं फणी, ताणा, खळ, प्रत्येक शब्द विचारून घेतला.

प्रती महिन्यानं आल्या. 112 पानं, 300 प्रती, पैसे भिशीचे. पण माझं पुस्तक झालं ते त्या दुपारी, असं मला अजून वाटतं.

तुमचं कसं झालं? लिहा सगळ्यांनी.

निपाणीकर

बाई, धोटा वाचून थांबलो जरा. आमच्याकडे तंबाखूची वखार, मी तिथं दिवाणजी होतो. कविता वजनाच्या वहीच्या मागच्या पानांवर. 61 व्या वर्षी संग्रह काढला. कारदग्याच्या साहित्य संमेलनात वाचायला बोलावलं. माझी पाळी आली तेव्हा जेवणाची वेळ, मांडवातली माणसं उठत होती. चार बायका मात्र बसून राहिल्या. एकेकाळी वखारीत चाळणीवर असायच्या. कविता तंबाखूच्या खाटेवरच होती, नाकातोंडात जाणाऱ्या त्या झोंबऱ्या धुरळ्यावर. संपल्यावर त्यातली एक म्हणाली, "दिवाणजी, आमचं खोकणं बी लिवलासा की." त्याच्यावर मला अजून काही सुचत नाही.

माळमारुती

बाई तुम्ही चौथीला होता का आम्हाला? पाढे चुकले की अंगणातल्या चिंचेखाली उभं करायचा त्या?

शहापूरच्या बाई

होय रे, मीच. कुठल्या साली होतास?

माळमारुती

1991. बाई पुस्तक कुठं मिळेल सांगा. आईला वाचून दाखवतो, तिनं पण कांड्या भरल्यात.

खानापूरचा मास्तर

टाइप करून फाइल देणाऱ्यांसाठी महत्त्वाचं लिहितो, घाईत आहे. मोबाइलवर युनिकोडमध्ये लिहिलं, प्रेसवाल्यानं श्रीलिपीत (छपाईवाल्यांचे जुने फॉन्ट) घेतलं आणि सगळे 'ऱ्या' मोडले. 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर', 'तऱ्हा'ची 'तर्हा'. सगळी पानं परत वाचावी लागली, डोळ्याचं ऑपरेशन होऊन तीन आठवडे झाले होते तेव्हा. म्हणून आधी एकच पान द्या. त्यात ऱ्या, ऱ्हा, हृ, द्ध, ङ्म, ळ्य असलेले शब्द मुद्दाम घाला. ते कागदावर छापून बघा, पडद्यावर नव्हे. बरोबर आलं तरच बाकीची फाइल. आणि पानं 16 च्या पटीत बसवा, छपाईचा एक फॉर्म, म्हणजे एकत्र छापून घडी घातलेला कागद, 16 पानांचा असतो. बाईंची 112 म्हणजे बरोब्बर 7 फॉर्म. माझ्यात शेवटी 5 पानं कोरी राहिली, त्याचाही कागद मीच भरला.

कणकुंबीहून

तीन दिवस लाइट नाही, आज आली. पाऊस कसला लागलाय. बेळगावात पण आहे का?

अनगोळ

आहे की, पण तुमच्याएवढा कुठला. जांबोटीचा रस्ता चालू आहे का? रविवारी यायचंय.

कणकुंबीहून

चालू आहे, हळू या. मास्तर, आयएसबीएनला, त्या पुस्तकावरच्या नंबराला, किती पैसे लागतात? माझ्याकडून एकानं 3 हजार घेतले.

खानापूरचा मास्तर

काही लागत नाही!! तो नंबर देणारी राजा राममोहन रॉय नॅशनल एजन्सी आहे, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाखाली. ऑनलाइन अर्ज, फी नाही. लेखक स्वतःच प्रकाशक असला तरी मिळतो. पैसे घेतले असतील तर ते फॉर्म भरून देण्याचे म्हणा.

हलग्याची लेक

मी आईच्या वतीनं लिहितेय, तिला टाइप येत नाही. आई 71 ची. जात्यावरच्या ओव्या, लग्नातली गाणी, सगळं तोंडपाठ. मी दोन वर्षं फोनवर रेकॉर्ड केलं, रात्री भाकऱ्या झाल्या की ती ओट्याला टेकून म्हणायची. कितीतरी ओव्या नुसतं बसून आठवायच्याच नाहीत, मग रिकामं जातं फिरवायला लावायचे, की भराभर यायच्या. बहिणाबाई 1951 ला गेल्या आणि गाणी पुस्तकात आली 1952 ला. हे वाचलं तेव्हा ठरवलं, आईनं स्वतः बघायचं. प्रत आली तेव्हा तिनं आधी हात धुतले. मग पदरानं पुसले. मग पान उघडून माझ्या मामाचं नाव शोधलं. तो लहानपणीच गेला, एका ओवीत आहे फक्त. बोट ठेवलं नावावर आणि बोललीच नाही संध्याकाळपर्यंत.

निपाणीकर

ताई, आईंना नमस्कार सांगा. वाचून घरात सगळ्यांना ऐकवलं.

वडगावची काकी

माझं वय 59. सात वह्या भरल्यात. मालक म्हणतात आता या वयात कोण वाचणार. वह्या तांदळाच्या डब्यामागं आहेत. तुमचं सगळं वाचूलालोय रोज, लिहायचं धाडस आज झालं.

शहापूरच्या बाई

काकी, लक्ष्मीबाई टिळकांना लग्न होईपर्यंत लिहितावाचता येत नव्हतं. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग 1934 ला आला तेव्हा त्या 66 वर्षांच्या होत्या. तुमच्या हातात त्यांच्यापेक्षा सात वर्षं जास्त आहेत आणि वह्या तर भरलेल्याच आहेत. आधी त्या तांदळाच्या डब्यामागून काढा, तिथं कसर लागते.

टिळकवाडी

एक कडू अनुभव, पण सांगायलाच हवा. बाहेरच्या एका प्रकाशकाला 40 हजार दिले, 500 प्रती ठरल्या होत्या. आल्या 150. उरलेल्या "वितरणात आहेत" असं वर्षभर ऐकलं. शेवटी स्वतःच्या पुस्तकाची फाइल मागितली तर तीही मिळेना. माझ्या मिसेस तेव्हा आजारी होत्या, त्यांना एकच गोष्ट वाचून झाली. दुसरी आवृत्ती मी पुन्हा टाइप करून काढली. लेखी करार करा. प्रती किती, कधी, कॉपीराइट कुणाचा, फाइल कुणाकडे, सगळं लिहून सह्या घ्या. ओळखीचा माणूस असला तरी.

हलग्याची लेक

काका, फार वाईट वाटलं. काकी आता कशा आहेत?

टिळकवाडी

गेल्या गं बाळा, 2022 ला. दुसरी आवृत्ती त्यांच्याच नावे अर्पण आहे.

अनगोळ

काका 🙏 आमच्या वडिलांनी 1946 चं बेळगावचं साहित्य संमेलन बघितलेलं, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला ते. दहा वर्षांचे होते, खांद्यावर बसून. 2000 ला परत इथं संमेलन झालं तेव्हा मी पुस्तकांच्या स्टॉलवर स्वयंसेवक. वडील रोज येऊन पुस्तकं हाताळून जायचे. एक दिवस हळूच म्हणाले, आपलं पण असावं एक. मी गठ्ठे सोडत होतो, लक्ष दिलं नाही. त्यांच्या शेताच्या डायऱ्या आहेत माझ्याकडे, बासमतीची पेर, पाऊस, बैलांची नावं, 1958 पासून. बाई, ह्याचं पुस्तक होईल का?

शहापूरच्या बाई

होईल. बैलांची नावं एकही गाळू नका.

वडगावची काकी

बाई, वह्या काढल्या. दोन नंबरच्या वहीला कोपऱ्यात कसर लागली होती, बाकीच्या चांगल्या आहेत. उन्हात ठेवल्यात, आज थोडं ऊन पडलंय. तुम्ही बघाल का एकदा? मी वाचनालयात येते उद्या, तीनला उघडतं ना?

शहापूरच्या बाई

चारला. मी पायरीवर थांबते, सगळ्या सात घेऊन या.