मदत हवी आहे : जुन्या कूपेचा तापमानाचा काटा चढतो, हेड खोलू की नको?

भाट्येकर
नमस्कार. गेला महिनाभर माझ्या कूपेचा, म्हणजे दोन दारांच्या गाडीचा, तापमानाचा काटा चढू लागला आहे. आमच्या मेकॅनिकने हेड गॅसकेट (इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावरचे हेड यांच्यामधली सीलबंद पट्टी) गेल्याचे निदान केले असून, हेड काढून कोल्हापूरला उद्यमनगरात फेसिंगसाठी (पृष्ठभाग सपाट करून घेण्यासाठी) पाठवावे लागेल, असे तो म्हणतो. खर्चाचा आकडा ऐकल्यापासून घरात दोन दिवस अबोला आहे. येत्या रविवारी मला आंबा घाटाने कोल्हापूरला जायचे आहे, त्यामुळे कृपया लवकर आणि नेमके सांगावे : हेड खोलू की नको? गाडी विकून टाकण्याचा सल्ला मला घरातूनच फुकट मिळतो, तो इथे नको.

चिरेबंदी
कूपे कोणती, कोणत्या सालची आणि इंजिन कोणते, यातले काहीच आपण लिहिलेले नाही. काटा नेमका कधी चढतो? रेडिएटरमधले पाणी कमी होते का? ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसतो का? सकाळी थंड इंजिन सुरू करून रेडिएटरची टोपी उघडी ठेवली, तर पाण्यात सतत बुडबुडे येतात का? पाणी कमी होणे, दुधाळ थर आणि बुडबुडे ही गॅसकेट गेल्याची लक्षणे असतात; एवढे समजल्याशिवाय हेड खोला किंवा खोलू नका, असे कोणीही सांगू नये.

भाट्येकर
सेलिका आहे, हे माझ्या आधीच्या धाग्यांवरून लक्षात येईल असे वाटले होते. १९९६ ची टोयोटा सेलिका, एसटी २०२, दोन लिटरचे थ्री-एस-जीई इंजिन. मामा सिंगापूरची नोकरी संपवून परतले तेव्हा त्यांनी सोबत आणली. पाणी कमी होत नाही, झाकण स्वच्छ आहे, बुडबुडेही नाहीत. काटा घाटात चढतो आणि रात्री चढतो. आता तरी उत्तर मिळेल का?

मे_महिन्याची_तयारी
माझी गाडी सेलिका नाही, परंतु गेली बावीस वर्षे खाडीकाठी गाडी सांभाळत असल्यामुळे अनुभवाने सांगतो की, किनाऱ्यावरच्या गाडीचे सगळे आजार गंजातून येतात. मी दर मे महिन्यात गाडीच्या पोटाला जळके ऑइल आणि डिझेल मिसळून मारतो. आपणही आधी ते करावे.

चिरेबंदी
काटा चढण्याचा आणि जळक्या ऑइलचा संबंध मला समजला नाही. उलट या उपायाने रबरी बुश आणि होज फुगतात, वर जांभ्याची तांबडी धूळ चिकटून बसते आणि तिच्याखाली ओल तशीच राहते. पावसाळा संपल्यावर पोट गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळू द्यावे आणि मग मेणाचा गंजरोधक मारावा.

मे_महिन्याची_तयारी
माझ्या गाडीचा पत्रा बावीस वर्षांनंतरही शाबूत आहे. आपल्या मेणाचा हिशेब आपण बावीस वर्षांनी मांडावा.

कागदपत्र_जपा
एक महत्त्वाची बाब सुटत आहे. खासगी गाडीला पंधरा वर्षे झाली की नोंदणीचे नूतनीकरण करावे लागते, आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी. शिवाय महाराष्ट्रात पर्यावरण कर वेगळा. ही मुदत तपासली आहे ना? मुदत संपलेली गाडी घेऊन घाटात जाऊ नये.

भाट्येकर
कागदपत्रे पूर्ण आहेत. मी काट्याबद्दल विचारले आहे.

वायरमन_निवृत्त
भाट्येकर, आपण ‘रात्री चढतो’ असे लिहिलेत आणि त्याकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. खरे तर रात्री हवा गार असते, त्यामुळे काटा खाली राहायला हवा. रात्री गाडीत वेगळे काय असते, तर हेडलाईट लावलेले असतात. कृपया एक करून पाहा. इंजिन नेहमीइतके तापले की गाडी उभी करून हेडलाईट आणि ब्लोअर चालू करा. काटा दोन सेकंदांत उडी मारतो, की दहा मिनिटांत हळूहळू सरकतो? कित्येक लिटर पाणी दोन सेकंदांत तापत नाही.

भाट्येकर
आत्ताच अंगणात पाहून आलो. हेडलाईट लावताक्षणी काटा जवळजवळ एक रेघ वर जातो, ब्लोअर पूर्ण वेगावर केला की आणखी थोडा, आणि दोन्ही बंद केले की परत खाली. हे इतके दिवस माझ्या लक्षात कसे आले नाही?

वायरमन_निवृत्त
मग रात्रीचा दोष अर्थिंगचा आहे. बॅटरीच्या निगेटिव्हची एक तार इंजिन-गिअरबॉक्सला जाते आणि एक बॉडीच्या पत्र्याला. बॉडीकडचा जोड गंजला की दिव्यांचा परतीचा प्रवाह मिळेल त्या वाटेने बॅटरीकडे जाऊ लागतो. तापमानाचा सेन्सर इंजिनाच्या धातूवर बसलेला आणि मीटर बॉडीच्या अर्थवर, त्यामुळे दोन्हींत फरक पडला की काटा खोटे बोलू लागतो. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा, एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरे बॉडीच्या रंग खरवडलेल्या उघड्या पत्र्यावर टेकवा, आणि इंजिन चालू ठेवून हेडलाईट लावा. आकडा ०.२ व्होल्टच्या वर गेला तर जोड खराब समजावा. समुद्रावरून येणारा खारा वारा जोड गंजवण्याचे काम बोनेट बंद असतानाही करतो.

चिरेबंदी
निदान पटते, मात्र त्याने रात्रीचा उलगडा झाला, घाटाचा नाही. भाट्येकर, आंबा घाट दिवसा चढतानाही काटा वर जातो का? पंखा फिरतो का? त्या काळातल्या बहुतेक टोयोटा गाड्यांत रेडिएटरच्या पंख्याच्या तापमान-स्विचचा प्लग काढला की पंखा फिरायलाच हवा, तेवढे पाहा. आणि थर्मोस्टॅट (इंजिन तापले की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप) कधी बदलला होता?

भाट्येकर
दिवसा साखरप्याच्या पुढे चढ लागला की काटा हळूहळू वर जातो. प्लग काढल्यावर पंखा फिरतो. थर्मोस्टॅट नाही, तो मेकॅनिकने दोन वर्षांपूर्वी काढून टाकला. आपल्याकडच्या हवेत सगळेच काढतात, म्हणून लिहिले नाही. पाणी घरच्या विहिरीचे भरतो.

चिरेबंदी
हे पहिल्याच ओळीत असायला हवे होते! या इंजिनाच्या थर्मोस्टॅटला खालच्या बाजूला एक दुसरी चकती असते. इंजिन तापून थर्मोस्टॅट उघडला की ती चकती बायपासची वाट बंद करते आणि पाणी रेडिएटरमधून जाऊ लागते. थर्मोस्टॅटच काढला तर बायपास कायमचा उघडा राहतो, म्हणजे बरेचसे गरम पाणी रेडिएटरला टाळून इंजिनातच फिरत राहते. सपाट रस्त्यावर हे खपून जाते, घाटात खपत नाही. इंजिन तापत असले तरी थर्मोस्टॅट काढू नये, असे टोयोटाच्या दुरुस्तीपुस्तिकेतच बजावलेले आहे. आणि किनाऱ्यालगतच्या विहिरीचे मचूळ पाणी अ‍ॅल्युमिनियमच्या हेडला रोज थोडे थोडे खाते. डिस्टिल्ड वॉटर आणि चांगला कूलंट निम्मा-निम्मा भरावा.

मे_महिन्याची_तयारी
माझ्या गाडीतही थर्मोस्टॅट नाही आणि ती कधी तापलेली नाही.

चिरेबंदी
आपली गाडी सेलिका नाही, असे आपणच वर लिहिले आहे.

भाट्येकर
सर्वांचे आभार, पहिल्या दिवशीच्या माझ्या सुराबद्दल क्षमस्व. हेड खोललेले नाही. हेडलाईट लावल्यावर मल्टिमीटरने ०.८ व्होल्ट दाखवले. बॅटरीशेजारचा बॉडीचा बोल्ट काढला, तर खालून हिरवट-पांढरी भुकटी निघाली आणि तारेचे टोक बोटांनी चोळताच तिचे धागे तुटून हातात आले. नवी तार लावली, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत केला, जोड घट्ट आवळून वरून पेट्रोलियम जेली फासली. आता आकडा ०.०५ आहे आणि दिवे लावले तरी काटा हलत नाही.

रविवारी कोल्हापूरला एसटीने गेलो. जुना थर्मोस्टॅट मेकॅनिकच्या नटबोल्टांच्या डब्यात तसाच पडलेला सापडला. पातेल्यात पाणी घेऊन तो तळाला टेकणार नाही असा दोऱ्याने लटकवला आणि शेजारी थर्मामीटर धरला, तर ८२ अंशांच्या सुमारास उघडू लागला आणि गार झाल्यावर पूर्ण मिटला. रेडिएटर तीन वेळा गोड्या पाण्याने धुतला. पहिल्या वेळी चहासारखे तांबडे पाणी आले. मग नवी रबरी रिंग घालून, थर्मोस्टॅटमधली हलती पिन वरच्या बाजूला ठेवून तो बसवला आणि कूलंट भरला. काल दुपारी एसी चालू ठेवून आंबा घाट चढलो. काटा अर्ध्याच्या किंचित खाली होता, तिथून हलला नाही.

कागदपत्र_जपा
अभिनंदन. पातेले कोणते वापरलेत?

भाट्येकर
दुधाचे. अबोला आता आणखी चार दिवस वाढला आहे.