मदत हवी आहे: एसीसीच्या वेस्टर्न ब्लॉटवर १३० आणि ७५ किलोडाल्टनला जादा बँड

मायसेल: उंदराच्या यकृतात असिटिल-कोए कार्बोक्सिलेज (एसीसी) हे एन्झाइम वेस्टर्न ब्लॉटने, म्हणजे प्रोटीन जेलमध्ये आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखून, बघायचं आहे. लायसेट (फोडलेल्या पेशींचा अर्क) ३० मायक्रोग्रॅम, १० टक्के जेल, सेमी-ड्राय ट्रान्सफर (जेलमधली प्रोटीन मेम्ब्रेनवर उतरवणं) ३० मिनिटं. प्रायमरी अँटिबॉडी (एसीसीला चिकटणारी) सशाची, १:१०००, ४ अंशांवर रात्रभर. सेकंडरी (प्रायमरीला चिकटणारी) बायोटिन लावलेली, त्यावर स्ट्रेप्टॅव्हिडिन-एचआरपी (बायोटिनला घट्ट धरणारं प्रोटीन, त्याला जोडलेलं बँड दाखवणारं एन्झाइम). २६५ किलोडाल्टनला जेमतेम सावली, पण १३० आणि ७५च्या आसपास ठसठशीत बँड. प्रोटीएज इन्हिबिटर (प्रोटीन तुटू न देणारं रसायन) दुप्पट करूनही तेच. एसीसी तुटतंय की अँटिबॉडीच खराब?

पट्टीपुराण: दोन्ही नाही, गडबड स्ट्रेप्टॅव्हिडिनची आहे. १३०ला पायरुव्हेट कार्बोक्सिलेज आणि ७५च्या आसपास प्रोपिओनिल-कोए व मिथाइलक्रोटोनिल-कोए कार्बोक्सिलेजचे अल्फा घटक. या सगळ्यांवर मुळातच बायोटिन असतं, आणि यकृतात ती भरपूर असतात. खात्री करायची तर एका पट्टीवर दोन्ही अँटिबॉडी न घालता नुसतं स्ट्रेप्टॅव्हिडिन-एचआरपी लावा, हेच बँड उठतील. आणि हे महत्त्वाचं: एसीसीवरही बायोटिन असतं, त्यामुळे २६५ची सावलीसुद्धा अँटिबॉडी चालल्याचा पुरावा धरू नका. थेट एचआरपी जोडलेली अँटी-रॅबिट सेकंडरी घ्या.

जेलबॉक्स: सावली फिकट यायचं कारण मात्र ट्रान्सफर असणार. एवढं मोठं प्रोटीन १० टक्के जेलमध्ये वरच अडकतं. ६ टक्के जेल किंवा ३-८ टक्के ट्रिस-ॲसिटेट वापरा. वेट ट्रान्सफर, ३० व्होल्ट, रात्रभर, थंड खोलीत. मेथनॉल २०ऐवजी १० टक्के, कारण जास्त मेथनॉलने जेल आकसतं आणि प्रोटीनवरचं एसडीएस (त्याला ऋण भार देऊन पुढे सरकवणारा साबण) निघून जातं. नंतर जेलला कुमासी (प्रोटीन निळी करणारा रंग) लावून बघा: २५०च्या वर निळं उरलं असेल तर ट्रान्सफर अपुरं झालंय. ६ टक्के जेलमधून जीएपीडीएचसारखं लहान प्रोटीन वाहून जातं, लोडिंग कंट्रोलला (सगळीकडे सारखा नमुना पडलाय हे तपासायला) व्हिन्क्युलिन ठेवा.

मायसेल: आभार! पुढे फॉस्फो-एसीसी (सेरीन ७९वर फॉस्फेट चढलेलं एसीसी) पण करायचं आहे. ब्लॉकिंगला (मेम्ब्रेनवरच्या रिकाम्या जागा झाकायला) दुधाची पावडर चालेल का?

पट्टीपुराण: त्यासाठी ५ टक्के बीएसए (गाईच्या रक्तातलं अल्ब्युमिन) बरं. दुधातल्या केसीनवर फॉस्फेट असतं, पार्श्वभूमी वाढू शकते. पण खरी काळजी त्याआधीची, यकृत काढतानाची. रक्तपुरवठा तुटला की एटीपी (पेशीचं इंधन) घसरतं, एएमपीके (एसीसीवर फॉस्फेट चढवणारं एन्झाइम) जागं होतं आणि बघता बघता एसीसीवर फॉस्फेट चढतं. मग उपाशी आणि खाल्लेल्या उंदरांतला फरकच पुसला जातो. द्रव नायट्रोजनमध्ये गार केलेल्या चिमट्याने काही सेकंदांत गोठवा आणि लायसिस बफरमध्ये सोडियम फ्लुओराइडसारखे फॉस्फेटेज इन्हिबिटर (फॉस्फेट निघू न देणारे) घाला. एकूण आणि फॉस्फो, दोन्ही प्रायमरी सशाच्या असतील तर एकच मेम्ब्रेन धुऊन पुन्हा वापरण्यापेक्षा दोन जेल चालवा.