मदत हवी आहे: स्वस्त क्लास-डी (स्विचिंगवर चालणारा, कमी तापणारा) पॉवर अँप खरंच चांगला वाजतो का?
नमस्कार मंडळी, मी जुळे सोलापूरचा. घरातला जुना अँप एका बाजूनं खरखरायला लागलाय, दुरुस्तीवाला म्हणतो पार्ट मिळत नाहीत, म्हणून नवीन बघतोय. स्पीकर बुकशेल्फ आहेत, सेन्सिटिव्हिटी (दिलेल्या पॉवरला किती मोठे वाजतात ते) ८६ डीबी, ६ ओहम, खोली छोटीच. ऐकतो जास्त करून भीमसेनजी, किशोरीताई.

मित्र म्हणतोय टीपीए३२५५ चिपवाला घे, फोसी नाहीतर आयमा कंपनीचा, त्या पैशात तसा आवाज दुसरीकडं मिळायचा नाही. पण त्या चिपचे ३०० वॅट म्हणतात ते ४ ओहमवर आणि १० टक्के डिस्टॉर्शनला (म्हणजे आवाज फाटत असताना), मग माझ्या ६ ओहमला स्वच्छ पॉवर किती मिळणार? तसंही पॉवर दुप्पट केली तरी ३ डीबीच वाढतात त्यामुळे मला वॅटचा सोस नाही, तानपुरा भरून यायला पाहिजे आणि तार षड्ज कानाला टोचायला नको, एवढंच.

दुसरी काळजी उन्हाची, मे महिन्यात इथं पारा ४० च्या वर असतो, त्यात लाईट जाते-येते. असा अँप कुणी उन्हाळाभर रोज वाजवलाय का? अडॅप्टर ३२ व्होल्टचा पुरेल का ४८ चाच घ्यावा? का त्याच पैशात सेकंडहँड क्लास-एबी (जुन्या पद्धतीचा, जास्त तापणारा) अँप शोधू? प्लीज स्वतः वापरलेल्यांनी सांगा.