शेततळ्यावरचे लाल चतुर: फोटोवरून नाव कसं ठरवायचं?

माळावरची

नमस्कार मंडळी. जुन्नर तालुक्यात आमच्या शेतात शेततळं आहे. पाऊस ओसरला की त्याच्या काठाला रोवलेल्या बांबूंवर लाल चतुर (ड्रॅगनफ्लाय) येऊन बसतात. यंदा मोबाईलवर फोटो काढायला सुरुवात केलीय. चार फोटो जोडतेय.

१. लालभडक, बांबूच्या टोकावर.
२. हाही लाल, पण गुलाबीकडे झुकणारा.
३. पिवळा, पण बसण्याची ढब पहिल्यासारखीच.
४. रात्री ओसरीतल्या दिव्याजवळ भिंतीवर बसलेला.

ॲपमध्ये टाकलं की एक नाव येतं, तोच फोटो जरा कापून टाकला की दुसरंच. चौथ्यालाही ते चतुरच म्हणतंय. माझ्या वहीत नावं बरोबर जायला हवीत, कारण गावच्या शाळेतली मुलं ती वही बघतात. नक्की काय बघून ठरवायचं?

ओढ्याकाठी

माळावरची ताई, मुलांसाठी वही करताय हे वाचून फार आनंद झाला. मी भोरकडचा. नीरेच्या काठाने आणि आमच्या ओढ्यावर हेच बघत फिरतो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे, रंगावर विसंबू नका. आपल्याकडे तळ्यावर लाल दिसणारे चतुर बरेच आहेत आणि लांबून सगळे सारखेच वाटतात. त्यात मोबाईल लाल रंग स्वतःच्या मनाने वाढवतो. रंग सोडून पाय, पंखांच्या शिरा, पंखाचं बूड आणि पोटावरच्या, म्हणजे शेपटीसारख्या लांब भागावरच्या, खुणा बघा.

फोटो १ मोठा करून पाहिला. पाय तांबूस आहेत. पोटाच्या मधोमध, वरच्या बाजूने, एक बारीक काळी रेघ शेवटपर्यंत गेलीय. पंखाच्या बुडाशी मधाच्या रंगाचा छोटा डाग आहे आणि टोकाजवळचा टेरोस्टिग्मा, म्हणजे तो छोटा रंगीत चौकोन, पिवळट तपकिरी आहे. हा क्रोकोथेमिस सर्व्हिलियाचा नर. निःशंक लिहा.

फोटो २ मध्ये पाय काळे आहेत. पंखांच्या शिरा बघा, त्याच लाल आहेत, त्यामुळे अख्ख्या पंखावर लाली पसरल्यासारखी वाटते. छातीवर जांभळट झाक आहे आणि बुडाशी असलेला डाग चांगला रुंद आहे. हा ट्रायथेमिस ऑरोराचा नर. काळे पाय आणि लाल शिरा एवढं एकत्र दिसलं की पहिल्या जातीशी गल्लत होत नाही.

फोटो ३ वर मी आज जातीचं नाव देईन, पण नर की मादी ते सांगणार नाही. पोटावर तीच काळी रेघ आहे, पाय फिके आहेत, बुडाशी पिवळा डाग आहे. म्हणजे जात पहिल्या फोटोतलीच. जमिनीलगत बसणारा डिप्लॅकोडिस ट्रिव्हिॲलिसही असा पिवळट-हिरवट असतो, पण तो चणीने लहान आणि त्याचे पंख बुडापर्यंत स्वच्छ. आता मुद्दा असा की लाल जातींचे नर पाण्यातून बाहेर पडतात तेव्हा पिवळेच असतात, लाली नंतर चढते. म्हणून 'पिवळी म्हणजे मादी' असं वहीत लिहू नका. पोटाचा दुसरा खंड खालच्या बाजूने दिसेल असा बाजूचा फोटो हवा. तिथे फुगवटा असेल तर नर. तुमचा फोटो वरून काढलाय, त्यात ते दिसत नाही.

फोटो ४ चतुर नाहीच! मिशा बघा. चतुराच्या मिशा इतक्या आखूड आणि केसासारख्या बारीक असतात की फोटोत सहसा दिसतही नाहीत. याच्या लांबलचक आहेत आणि टोकाला गुंडी आहे. शिवाय पंख आडवे पसरलेले नाहीत, दोन्ही बाजूंनी छपरासारखे उतरलेत. याला आऊलफ्लाय म्हणतात. वाळूत शंकूसारखे खड्डे करून मुंग्या धरणारा किडा असतो ना, त्याच्या प्रौढाचा हा जवळचा नातलग. चतुराचं पिल्लू पाण्यात वाढतं आणि कोष न करता थेट चतुर होतं. याचं पिल्लू जमिनीवर किंवा झाडावर वाढतं आणि मधे कोषाची अवस्था असते. दिसायला सारखे, पण घराणी वेगळी. हे मुलांना जरूर दाखवा, मला तर चौघांत हाच सगळ्यात आवडला. जात मात्र या फोटोवरून ठरणार नाही. समोरून डोळा दिसायला हवा. काहींच्या प्रत्येक डोळ्याला आडवी खाच असते, काहींचा डोळा अखंड असतो, आणि तिथेच दोन मोठे गट वेगळे होतात.

ॲपचं म्हणाल तर त्याने सुचवलेलं नाव ही सुरुवात समजा. आयनॅचरलिस्टवर, म्हणजे निसर्गातल्या नोंदी टाकायच्या संकेतस्थळावर, दुसऱ्याने दिलेल्या नावाला नुसतं 'सहमत' करण्याची अनेकांना सवय असते. दोघं सहमत झाले की ती नोंद पक्की ठरू शकते, आणि चुकीची असली तरी पुढच्यांना तीच खरी वाटते. स्वतःला खूण दिसली असेल तरच सहमत व्हा. नाहीतर प्रजातीपर्यंत (जीनस, म्हणजे नावातला पहिला शब्द) किंवा कुळापर्यंत थांबा. 'ट्रायथेमिस, जात ठरली नाही' ही सुद्धा उत्तम नोंद आहे.

आंबोलीकर

ओढ्याकाठींच्या म्हणण्यात एक भर. तळ्यावरच्या चतुरांत पाय, शिरा, डाग यांवर बरंच भागतं. आमच्याकडे ओढ्यांवर क्लबटेल चतुर असतात, त्यांचं तसं नाही. त्यांचे दोन्ही डोळे एकमेकांना टेकत नाहीत, मधे सरळ फट दिसते, त्यामुळे कूळ लगेच कळतं. पण पुढे जायचं तर छातीच्या बाजूचे पिवळे-काळे पट्टे आणि नराच्या शेपटीच्या टोकाचे आकडे स्पष्ट हवेत. आंबोलीजवळच्या चौकुळमधून २०२२ साली बर्मागोम्फस चौकुळेन्सिस ही नवी जात नोंदली गेली. अशा जाती वरून काढलेल्या एका सुंदर फोटोवर कधीच हाती लागत नाहीत. म्हणून मी आधी शेपटीचं टोक टिपतो, सुंदर फोटो मागाहून.

माळावरची

दादा, किती मनापासून लिहिलंत! चौथ्याच्या मिशांकडे माझं लक्षच गेलं नव्हतं. दोन गोष्टी विचारते. बाजूचा फोटो घ्यायला गेलं की तो उडतो, काय करावं? आणि मुलं म्हणतात जाळीने धरू या. धरलं तर चालेल का?

ओढ्याकाठी

जाळी नको, ताई. तुमच्या कामाला तिची गरजच नाही, आणि नुकता बाहेर पडलेला चतुर हाताळला तर त्याचे पंख चुरगळतात, मग तो उडू शकत नाही. मुलांना हे आधीच सांगा. अभयारण्यात आणि राखीव जंगलात तर परवानगीशिवाय धरायचंच नाही.

उडाला तर मागे धावू नका. हे दोन्ही लाल चतुर ठरलेल्या काठीवर परत परत येऊन बसणारे आहेत. काठीपासून हातभर अंतरावर खाली बसा, सूर्य पाठीशी ठेवा पण स्वतःची सावली काठीवर पडू देऊ नका, आणि थांबा. येतो तो. सकाळी ऊन चढायच्या आत गेलात तर पंखांवर दव असतं आणि तो जागचा हलत नाही. मोबाईल त्याच्या उंचीवर आणा, पोटाला समांतर धरा, म्हणजे डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळं एकाच वेळी फोकसमध्ये येतं. फिल्टर अजिबात लावू नका. व्हॉट्सॲपवर पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर शिरा पुसट होतात. फोटोसोबत तारीख, गाव आणि पाणी कसलं, तळं की वाहता ओढा, हे लिहून ठेवा.

माळावरची

आज सकाळी बाजूचा फोटो मिळाला! पिवळाच आहे, त्याच बांबूवर. दुसऱ्या खंडाखाली फुगवटा दिसतोय असं मला वाटतं. बघता का?

ओढ्याकाठी

बघितला. फुगवटा स्वच्छ दिसतोय, पोटावरची काळी रेघही आहे. हा क्रोकोथेमिस सर्व्हिलियाचा तरुण नर. वहीत फोटो १ च्या शेजारी लावा आणि खाली दोन्हींच्या तारखा लिहा. त्याच बांबूवर मादीही मिळाली तर इथेच टाका.