विश्वचषकाची पात्रता: घरच्या कोर्टावर की एकाच शहरात?

उत्तररात्र (सदस्यनाम; चर्चेच्या धाग्याचे मूळ लेखन)

बास्केटबॉलच्या पुरुष विश्वचषकासाठी फिबाने (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाने) नोव्हेंबर २०१७ पासून लागू केलेली पात्रतेची पद्धत रद्द करावी आणि पूर्वीप्रमाणे एकाच शहरात दहा-बारा दिवस चालणाऱ्या प्रादेशिक स्पर्धा पुन्हा भरवाव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांना या खेळाची फारशी माहिती नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. पूर्वी खंडीय अजिंक्यपद स्पर्धेतच पात्रतेचा निकाल लागत असे. २०१३ साली मनिलात झालेल्या आशियाई स्पर्धेतले पहिले तीन संघ, म्हणजे इराण, फिलिपिन्स आणि दक्षिण कोरिया, पुढच्या वर्षी स्पेनमधल्या विश्वचषकाला गेले. आता युरोपचे ३२ आणि आफ्रिका, अमेरिका व आशिया-ओशनियाचे प्रत्येकी १६ असे ८० संघ सुमारे १५ महिने, सहा टप्प्यांत खेळतात. या टप्प्यांना ‘विंडो’ म्हणतात आणि सर्वसाधारणपणे प्रत्येक प्रतिस्पर्ध्याशी एक सामना आपल्या देशात व एक त्याच्या देशात होतो.

माझा आक्षेप असा की, पात्रता मिळवून देणारा संघ एक आणि ज्याला त्या देशाचा खरा संघ म्हणावे तो दुसराच, अशी स्थिती या पद्धतीने निर्माण केली आहे. नोव्हेंबर आणि फेब्रुवारीच्या विंडोंसाठी एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) थांबत नाही आणि ही पद्धत सुरू झाली तेव्हा वेळापत्रकाच्या वादामुळे युरोलीगही (युरोपातल्या अव्वल क्लबांची स्पर्धा) थांबत नव्हती. स्लोव्हेनियाचे उदाहरण पाहा. सप्टेंबर २०१७ मध्ये इस्तंबूलला अंतिम सामन्यात सर्बियाला ९३-८५ असे हरवून हा संघ युरोपचा विजेता झाला. गोरान द्रागिच स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि १८ वर्षांचा लुका डोन्चिच त्याच्या जोडीला होता. दोनच महिन्यांनी पात्रता फेरी सुरू झाली, तेव्हा डोन्चिच स्पेनच्या रेआल माद्रिद क्लबच्या युरोलीग मोहिमेत गुंतलेला होता. परिणामी २०१९ च्या चीनमधील ३२ संघांच्या विश्वचषकात युरोपच्या विजेत्यालाच जागा नव्हती. याला पात्रता म्हणायचे की उपलब्धतेची हजेरी?

गुणलेखक

धागाकर्त्यांशी पूर्णपणे असहमत आहे. ‘खरा संघ’ ही कल्पनाच मला मान्य नाही. जो खेळाडू फेब्रुवारीच्या थंडीत देशासाठी विमानात बसतो, तो खरा नाही आणि जो येत नाही तो खरा, हा कुठला न्याय? लाटव्हियाने आपला एनबीएतला तारा क्रिस्टॅप्स पोरझिंगिस याच्याविना २०२३ च्या विश्वचषकात पहिल्यांदाच पाऊल टाकले, फ्रान्स आणि स्पेन दोघांनाही हरवले आणि पाचवे स्थान मिळवले. तो संघ आधीच्या विंडोंमध्येच घडला होता.

शिवाय जुन्या पद्धतीचे गोडवे गाताना आपण तिची पळवाट सांगायची विसरलात. २०१३ च्या कराकस येथील अमेरिका खंडाच्या स्पर्धेत ब्राझील चारही सामने हरला, तरी २०१४ च्या विश्वचषकात तो होताच, कारण फिबाने ग्रीस, तुर्कस्तान आणि फिनलंडसोबत त्यालाही थेट निमंत्रण दिले. म्हणजे हरूनही आत जाण्याची सोय होती. नव्या पद्धतीत ती राहिली नाही. २०१९ चा उपविजेता अर्जेंटिना फेब्रुवारी २०२३ मध्ये मार देल प्लाता येथे, स्वतःच्या प्रेक्षकांसमोर, डोमिनिकन प्रजासत्ताकाकडून ७५-७९ असा हरला आणि २०२३ च्या विश्वचषकाबाहेर राहिला. त्याच दिवशी जॉर्जियाची राजधानी तिबिलिसी येथे आइसलँडने जॉर्जियाला ८०-७७ असे हरवले आणि तरीही तो बाहेर गेला. आइसलँडमधला आधीचा सामना जॉर्जियाने ८८-८५ असा जिंकलेला असल्यामुळे दोन्ही सामने मिळून पुढे राहण्यासाठी आइसलँडला किमान चार गुणांनी जिंकणे भाग होते. एका गुणाने पहिला विश्वचषक हुकला. हे नाट्य त्रयस्थ शहरातल्या अर्ध्या रिकाम्या सभागृहात घडले असते असे आपल्याला खरोखर वाटते का?

घरच्या सामन्यांची आणखी एक बाजू मी टेबलावर बसून पाहिली आहे. गेली अनेक वर्षे मी जिल्हा आणि राज्य पातळीवर गुणलेखनाचे काम करतो. एका स्पर्धेत २४ सेकंदांचे घड्याळ (एवढ्या वेळात संघाला बास्केटकडे चेंडू टाकावा लागतो) पहिल्याच सत्रात बंद पडले. उरलेला सामनाभर माझा सहकारी हातातल्या स्टॉपवॉचकडे पाहत ‘दहा... पाच, चार, तीन’ असे घसा फोडून ओरडत होता आणि खेळाडू बोर्डाकडे पाहायचे सोडून आमच्याकडे पाहत होते. सिमेंटच्या कोर्टावर कडेच्या रेषा खडूने पुन्हा आखाव्या लागल्या, ते वेगळेच. ज्या शहरात आंतरराष्ट्रीय सामना होतो, तिथे निदान लाकडी फ्लोअर, चालू घड्याळ आणि प्रशिक्षित पंच मागे राहतात. एकाच शहरात स्पर्धा भरवली तर हा लाभ दर चार वर्षांनी एकाच यजमानाला मिळेल.

उत्तररात्र

ब्राझीलचा मुद्दा मान्य. तो मी टाळायला नको होता. परंतु निमंत्रणाची पळवाट बंद करण्यासाठी संपूर्ण वेळापत्रक विस्कटण्याची गरज नव्हती.

घड्याळाची गोष्ट मनाला लागली, मात्र तिच्यातून आपण काढलेला निष्कर्ष पटत नाही. जिल्ह्याचे घड्याळ दुरुस्त करणे हे जिल्हा संघटनेचे आणि शासनाचे काम आहे. त्यासाठी विश्वचषकाची पात्रता वेठीस का धरावी? भारताचा अनुभव पाहू. २०२३ च्या पात्रतेत आपल्या गटात न्यूझीलंड, फिलिपिन्स आणि दक्षिण कोरिया होते. कोविडच्या प्रकरणांमुळे फेब्रुवारी २०२२ मध्ये कोरियाचा संघ मनिलाला गेला नाही आणि स्पर्धेतून बाद झाला. परिणामी गटात तीनच संघ उरले आणि आपण चारही सामने हरून दुसऱ्या फेरीत पोहोचलो! एवढा मोठा प्रवास, एवढा खर्च आणि पुढे जाण्याचे कारण काय, तर समोरचा आलाच नाही.

खारी हवा

दोघेही ही लढाई आशिया आणि युरोपच्या नकाशावर लढत आहात, म्हणून आफ्रिकेकडे लक्ष वेधते. तिथे याच पद्धतीच्या काळात घरचा-बाहेरचा असा प्रकार पाळला गेला नाही. प्रत्येक टप्प्यात गटातले संघ एका शहरात जमतात आणि तीन-चार दिवसांत आपापसातले सामने उरकतात. २०२३ साठी शेवटचा टप्पा अलेक्झांड्रिया आणि लुआंडा येथे झाला. २०११ मध्ये स्वतंत्र झालेला दक्षिण सुदान अलेक्झांड्रियातून पात्र ठरला, तेव्हा त्या देशात आंतरराष्ट्रीय सामना भरवता येईल असे एकही बंदिस्त स्टेडियम नव्हते. त्यांच्या संघटनेचे अध्यक्ष लुओल देंग हे स्वतः एनबीएचे माजी खेळाडू, तरीही संघाला सराव परदेशात करावा लागे. ‘तुमच्या देशात सामना भरवा’ अशी अट असती तर या संघाचे काय झाले असते, याचा विचार गुणलेखक यांनी अवश्य करावा. लुआंडातून केप व्हर्दे पात्र ठरला, ज्याची लोकसंख्या सहा लाखांच्या आत आहे. आपला एखादा तालुका त्याहून मोठा असेल.

आणि महिलांचे काय? २०२२ च्या सिडनी विश्वचषकासाठी त्याच वर्षी फेब्रुवारीत वॉशिंग्टन, सांतो डोमिंगो, बेलग्रेड आणि ओसाका येथे प्रत्येकी चार संघांच्या पात्रता स्पर्धा झाल्या. महिलांसाठी जे काही दिवसांत होते, त्याला पुरुषांसाठी १५ महिने का लागतात, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेले नाही.

गुणलेखक

खारी हवा, दक्षिण सुदानचा दाखला वजनदार आहे आणि त्याच्यापुरते मी मागे हटतो. स्टेडियम नसलेल्या देशाला घरच्या सामन्याची सक्ती करणे चूक ठरेल.

मात्र आपणच दिलेली दोन शहरे पुन्हा पाहा. अलेक्झांड्रियात यजमान इजिप्त होता आणि तो पात्र ठरला. लुआंडात यजमान अंगोला होता, तोही पात्र ठरला. दोघेही मुळात बलाढ्य संघ आहेत हे मान्य करूनही म्हणतो की, घरच्या-बाहेरच्या पद्धतीत प्रत्येकाला प्रेक्षकांचा पाठिंबा सारखाच वाट्याला येतो, तर एका शहराच्या पद्धतीत निर्णायक टप्प्यातले सगळेच सामने एकट्या यजमानाला घरी मिळतात. तुमच्या मूळ धाग्यातली २०१३ ची स्पर्धा मनिलातच होती आणि फिलिपिन्स उपविजेता होऊन पात्र ठरला, हेही योगायोग म्हणून सोडून देऊ का?

उत्तररात्र

मनिलाचा टोमणा बरोबर बसला. तरीही माझा प्रस्ताव मागे घेत नाही, फक्त दुरुस्त करतो. पहिली फेरी आफ्रिकेसारखी गटवार एका शहरात घ्यावी आणि अखेरचा टप्पा जून-जुलैत, क्लबांचे मोसम संपल्यावर, ज्याचा संघ त्या गटात नाही अशा देशात घ्यावा. म्हणजे डोन्चिचही येईल आणि यजमानाचा लाभही राहणार नाही.

गुणलेखक

आणि तिकिटे कोण घेईल? जॉर्जिया-आइसलँड सामना दोहा किंवा जकार्तात ठेवून पाहा. चार गुणांचा हिशेब ठाऊक असलेले प्रेक्षक तिथे किती असतील?